जमा असलेली बंदूक

१

दसऱ्याच्या दुपारी पावणेतीनच्या सुमारास गंगापूर रोडच्या एका फार्महाऊसवर झिपरू नावाचा माळी बारा बोअरच्या बंदुकीचे छर्रे लागून मेला. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी खाजा मन्सुरीला धरलं, आणि अकरा महिने झाले तरी तो नाशिकरोडच्या जेलमध्येच होता. हे मी पेपरात वाचलं होतं आणि पेपर रद्दीत टाकला होता. पोलिसांत एकतीस वर्षं काढली की कोणाला धरलं याचं माणसाला फारसं काही वाटेनासं होतं.

मग एका रविवारी खाजाची मुलगी उजमा माझ्या दारात उभी राहिली. अंबडच्या एका कारखान्यात ती सुटे भाग तपासते. सोबत तिच्या बापाची वकील, नाझिया.

"सरिता मॅडम तुम्हीच ना? मुद्देमाल खोलीवाल्या?"

"होते. आता गुडघेदुखीवाली आहे. बसा."

जप्त झालेल्या आणि जमा केलेल्या वस्तू पोलीस ठाण्यात ज्या खोलीत ठेवतात, ती मुद्देमालाची खोली. तिची किल्ली एकोणीस वर्षं माझ्या कमरेला होती. कुठलं ठाणं ते सांगत नाही, कारण अजून तिथल्या पोरी मला दिवाळीला फराळ पाठवतात.

उजमाने जे सांगितलं ते असं. खाजा नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका सराफी दुकानात बंदूकधारी राखणदार होता. बंदूक त्याची स्वतःची, परवान्याची, दुनळी. बंदूक आहे म्हणून नोकरी आहे, असा तो मामला. विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळ्या परवानाधारकांनी बंदुका ठाण्यात जमा कराव्यात असा हुकूम निघाला. राखणदाराला सूट द्या म्हणून सराफाने पत्र दिलं, ते नामंजूर झालं. घटस्थापनेच्या तीन दिवस आधी खाजा बंदूक जमा करून आला. दुसऱ्या दिवशी सराफ म्हणाला, बंदूक नाही तर तू बसून काय करणार, निवडणूक झाल्यावर ये. मग घर चालवायला खाजाने आबासाहेबांच्या फार्महाऊसच्या फाटकावर काठी घेऊन उभं राहायचं काम धरलं. आबासाहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी, त्या निवडणुकीतले उमेदवार.

"त्या दिवशी अब्बांच्या हातात काठी होती, मॅडम. बंदूक तुमच्या खोलीत होती."

"मग पोच असेल."

"अब्बांनी दाखवली ना. ठाण्याच्या साहेबांनी बघायला म्हणून घेतली, ती परत आलीच नाही."

"झेरॉक्स?"

ती काढलीच नव्हती. रेशनकार्डाच्या दहा झेरॉक्स काढणारी माणसं, नेमकी हीच राहिली.

नाझियाने पिशवीतून ठाण्याच्या शस्त्र रजिस्टराची नक्कल काढली. त्यात आबासाहेबांची दुनळी घटस्थापनेच्या चार दिवस आधी जमा. खाजाची दुनळी जमा कधी, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. खाजाने हुकूम मोडून बंदूक घरी ठेवली, भांडणात झिपरूवर झाडली आणि सकाळी गुपचूप आणून दिली.

अक्षर गोरक्षचं होतं. माझ्यानंतर किल्ली त्याच्याकडे गेली, आणि त्याला काम मीच शिकवलं. पानभर नोंदी एका बैठकीत उतरवलेल्या दिसत होत्या. त्यात वावगं काही नाही. जमा करणाऱ्यांची गर्दी असली की आम्ही कच्च्या कागदावर लिहून घेतो आणि सवडीने पक्क्या रजिस्टरात उतरवतो. कच्चा कागद मग कचऱ्यात जातो.

पण आबासाहेबांच्या ओळीत, जमा करणाऱ्याची सही असते ती चौकट रिकामी होती. त्या रिकाम्या चौकटीचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. त्या दोघींना मात्र मी तो सांगितला नाही.

२

पोलीस बाईने आरोपीवर विश्वास ठेवायचा नसतो. म्हणून मी आधी नाझियासोबत जेलमध्ये जाऊन खाजाला भेटले. बावन्न वर्षांचा उंच गडी, पण खांदे उतरले होते.

"झिपरूशी भांडण झालं होतं?"

"झालं होतं. पाण्याच्या नळीवरून. सकाळी भांडलो, दुपारी एका डब्यात जेवलो."

"मग?"

"मी फाटकावर होतो. मागच्या अंगाला दोन बार झाले. धावत गेलो तर तो आंब्याखाली पडलेला. हातात लायटिंगची माळ, तशीच."

"बंदूक कोणाच्या हातात होती?"

त्याने दाराकडे बघितलं. "मॅडम, माझी पोरगी अंबडला कामाला आहे. तिथं आबासाहेबांच्या शब्दाशिवाय झाडूवालासुद्धा लागत नाही. मी काय पाहिलं ते विचारू नका. माझ्या हातात काय होतं, तेवढंच विचारा."

खोटं बोलणारा माणूस दुसऱ्याचं नाव लगेच पुढे करतो. हा अकरा महिने आत सडूनही करत नव्हता. मला तिथेच त्याच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं, आणि स्वतःबद्दल तितकंच वाईट.

बाहेर येऊन नाझियाने मला शवविच्छेदनाचा कागद दाखवला. छर्रे मांडीतून शिरून पोटाकडे, छातीकडे गेले होते. खालून वर.

"पोलीस म्हणतात, खाजाने फाटकाजवळून समोरासमोर गोळी घातली," नाझिया म्हणाली. "समोरून मारलेला छर्रा खालून वर कसा जाईल?"

"झिपरू वर असेल तर जाईल," मी म्हटलं. "हातात माळ होती ना. माणूस झाडावर होता आणि मारणारा झाडाखाली."

३

आबासाहेबांची नि माझी ओळख जुनी. त्यामुळे फार्महाऊसवर गेले तर कोणी अडवलं नाही. आबासाहेब मुंबईला होते. त्यांचा पुतण्या रुद्र पुढे आला. तिशीचा, नम्र, पाया पडणारा. आमच्याकडे पोरं पाया पडतात तेव्हा पाकीट सांभाळावं, असं माझी आई म्हणायची.

"मावशी, चहा घ्या. खाजाचं फार वाईट वाटतं हो. आम्ही भाकरी दिली आणि त्याने हे केलं."

"दसऱ्याला तुमच्याकडे शस्त्रपूजा असते ना मोठी?"

"असते ना. विजय मुहूर्तावर, त्या आंब्याच्या पारावर. काका सिन्नरला सभेत होते, म्हणून त्या वर्षी मीच केली."

"बंदुकीची पण?"

तो हसला. "नाही नाही. बंदूक तर जमा होती. कायदा म्हणजे कायदा, मावशी. फक्त तलवार पुजली."

"आणि खाजा कुठे होता?"

"फाटकावर. तिथूनच झाडली त्याने."

त्याला फोन आला आणि तो बोलत बाजूला गेला. मागच्या मोरीवर झिपरूची बायको धोंडाबाई भांडी घासत होती. नवरा मेल्यावरही आबासाहेबांनी तिला खोली सोडायला लावली नव्हती, याचं गावभर कौतुक झालं होतं. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. गुडघे बोंबलले.

"बाई, त्या दिवशी तुमचा माणूस कुठं होता?"

"मला काय म्हाईत नाय."

"झाडावर होता ना?"

तिने राखेचा हात थांबवला. ती पेठच्या डोंगराकडची. मान खाली घालूनच बोलली. "माळा बांधाया चढला व्हता. खाली पूजा चालली व्हती. कोनी वर पायलंच नाय." मग एकदम तिने घागर ओढून घेतली, कारण रुद्रचा फोन संपला होता.

"काय म्हणते आमची धोंडाबाई?" त्याने विचारलं.

"राख संपली म्हणते," मी म्हटलं.

रिक्षात बसल्यावर मी जुळवाजुळव केली. पूजा झाल्यावर हवेत बार काढायची हौस या लोकांना असते. वर माणूस आहे का, हे बघायची सवय नसते. आबासाहेब हजार माणसांसमोर सभेत होते, म्हणजे पारावर बंदूक धरणारा एकच उरतो. हे मला कळलं, पण कळून काय उपयोग? धोंडाबाई कोर्टात बोलणार नव्हती. खाजा बोलणार नव्हता. आणि रजिस्टर सांगत होतं की ती बंदूक तेव्हा ठाण्यात कुलपाआड होती.

४

गोरक्षला मी द्वारकेच्या चहाच्या गाडीवर गाठलं. मला बघून तो अवघडला.

"बाई, त्या केसचं काही विचारू नका."

"केस गेली खड्ड्यात. मी सहज आले. खोली बरी ठेवतोस का? उंदीर?"

"उंदीर कसले. तुमच्यासारखीच ठेवतो." त्याला बरं वाटलं. माझा विद्यार्थी मुळात वाईट नव्हता, भित्रा होता. पोलिसांत भित्रा माणूस वाईटापेक्षा जास्त कागद खराब करतो.

"दसऱ्याची पूजा करतोस का रे अजून? की बंद पडली माझ्यामागे?"

"बंद कशी पडेल? तुमचीच पद्धत. ठाण्याची हत्यारं पुढच्या हॉलमध्ये, आणि खोलीतल्या जमा बंदुका वेगळ्या. एकूण एक."

"पाण्यात नाही ना कालवलंस कुंकू?"

"नाही हो. बंदुकीच्या तेलातच. एक बोट, नंबराच्या खाली."

"त्या दसऱ्यालाही केलीस?"

"केली ना. सकाळी अकराच्या आत. मग खोलीला कुलूप घातलं ते थेट दुसऱ्या दिवशी उघडलं."

मी चहा संपवला. त्याला आपण काय बोललो ते अजून कळलं नव्हतं. कळलं असतं तर मला वाईट वाटलं नसतं. पण त्याने माझ्या चहाचे पैसे दिले, रिक्षा थांबवून दिली, "गुडघ्याला तेल लावत जा" म्हणाला, आणि मी त्याच्याकडे न बघता आत बसले.

५

सुनावणीला नाझियाने दोन्ही बंदुका कोर्टात मागवल्या आणि मला जाणकार साक्षीदार म्हणून उभं केलं. मागच्या बाकावर उजमा. तिच्या पलीकडे गोरक्ष. दाराशी रुद्र, आणि त्याने सोबत आणलेली धोंडाबाई, डोक्यावर पदर घेऊन. झिपरूच्या घरची माणसं आपल्या बाजूची आहेत, हे न्यायाधीशांना दिसावं म्हणून आणली असावी.

"सरिता बाई, काय दिसतं ते सांगा," नाझिया म्हणाली.

मी आधी खाजाची बंदूक घेतली. "नंबराच्या खाली एका बोटाचा लाल डाग आहे. लाकडातही थोडा उतरलाय, तेलकट आहे. लोखंडावर गंज नाही. हे दसऱ्याचं कुंकू."

"खाजा घरी शस्त्रपूजा करतो का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, साहेब. तो मुसलमान आहे, आणि नसता तरी असं कोणाच्याच घरी लावत नाहीत. घरी कुंकू पाण्यात कालवतात. ही पद्धत फक्त आमच्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतली आहे, आणि ती मी सुरू केली. दुसऱ्याची बंदूक आपल्या ताब्यात असताना सणाला तशीच ठेवू नये असं मला वाटायचं. पण पाणी लागलं तर नळी गंजते आणि मालक आमच्या नावाने खडे फोडतो. म्हणून तेल."

सरकारी वकील उठले. "खाजाने दुसऱ्या दिवशी बंदूक आणली. हवालदाराने उशिरा आलेल्या बंदुकीलाही बोट लावलं असेल. त्यात काय?"

"असेल," मी म्हटलं. "मग आता ही बघा."

आबासाहेबांची बंदूक जड होती, नक्षीची. नळीवर पाच बोटं ओढल्यासारखे पाच पट्टे होते. कुंकू कधीच उडून गेलं होतं. पट्ट्यांच्या जागी तांबडा गंज उरला होता.

"हे कुंकू पाण्यातलं. रजिस्टर म्हणतं की ही बंदूक घटस्थापनेच्या आधीपासून खोलीत होती. असती तर हिला आमचं एक बोट तेल लागलं असतं. ते नाही. लागलंय ते घरचं पाणी."

"त्याच्या आदल्या वर्षीच्या पूजेचं असेल."

"त्याच रजिस्टरात स्थितीचा रकाना आहे, साहेब. वाचा. 'नळी स्वच्छ, गंज नाही.' तुमचंच रजिस्टर खरं धरलं तरी गंज त्यानंतर चढला. आणि खोलीत पाण्याचं कुंकू लावणारं कोणी नाही. ही बंदूक दसऱ्याला घरी होती, पारावर पुजली गेली. रुद्रबाबा मला स्वतः म्हणाले की बंदूक नव्हती, फक्त तलवार पुजली. मग हे पट्टे कोणाचे? ठाण्यात ही दसऱ्यानंतर आली, आणि गोरक्षने मागून फक्त दोन ओळींच्या तारखांची अदलाबदल केली. बाहेर असलेली बंदूक आत दाखवली, आत असलेली बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच."

कोर्टात कुजबुज झाली. गोरक्षने तोंड दोन्ही हातांत धरलं होतं. मला वाटलं, झालं, संपलं.

सरकारी वकील मुरलेले होते. त्यांनी आवाज मऊ केला.

"बाई, तुमच्या तेल-पाण्याच्या गोष्टी ऐकल्या. पण रजिस्टर हा सरकारी दस्तऐवज आहे. तुम्ही तो एकोणीस वर्षं लिहिलात. तुमच्या काळात, नोंद आहे म्हणजे बंदूक खोलीत आहे, असंच होतं ना? की तुम्हीही खोट्या नोंदी करायचात?"

इकडे आड, तिकडे विहीर होती. हो म्हणावं तर रजिस्टर खरं ठरत होतं आणि खाजा आतच राहत होता. नाही म्हणावं तर माझं निवृत्तिवेतन, माझं नाव आणि दिवाळीचा तो फराळ, सगळं जाणार होतं. वकिलांना खात्री होती की कोणी पोलीस बाई दुसरं उत्तर देणार नाही. घरी मी आदली रात्रभर या प्रश्नाची वाट बघितली होती, आणि तो येऊ नये म्हणून देवाला नारळही बोलले होते.

"करायचे," मी म्हटलं.

"काय?"

"खोट्या नोंदी. तीन निवडणुकांत. याच बंदुकीच्या. साहेब म्हणाले, आबासाहेबांची आहे, नोंद करून टाका, बंदूक येईल मागून. ती आली नाही. गरिबाची बंदूक अर्धा दिवस उशिरा आली तर आम्ही नोटीस काढायचो. पहिल्या वेळी मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं. सही कोणाची घेणार, म्हणून चौकट रिकामी ठेवली. गोरक्षला कुंकू तेलात कालवायला मी शिकवलं आणि हेही मीच शिकवलं."

एवढं बोलून मी पाणी मागितलं.

६

खाजाला त्याच दुपारी जामीन मिळाला आणि फेरतपासाचा हुकूम झाला. उजमा माझ्या गळ्यात पडून रडली. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. पण आनंद असा झालाच नाही. खाजाची बंदूक आता पुरावा म्हणून अडकणार होती, परवाना स्थगितच होता, आणि सराफाकडे केव्हाच दुसरा राखणदार बसला होता. रुद्र आपल्या गाडीतून निघून गेला. त्याला कोणी हातही लावला नाही. आबासाहेब निवडून येऊन वर्ष होत आलं होतं.

गोरक्ष जिन्याशी मला ओलांडून गेला. "बाई, माझी पोरं लहान आहेत," एवढंच म्हणाला.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. थोड्या वेळाने शेजारी कोणी उभं आहे असं वाटलं. धोंडाबाई होती. रुद्रच्या गाडीत ती बसली नव्हती.

"बाई, एक इचारू?"

"विचारा."

"तुमी आत म्हनला, पयल्या खेपेला तोंड उघाडलं व्हतं. तवा नाय म्हनला असता, तं ती बंदूक ठेसनात आली असती?"

मी काही सबबी जुळवल्या. साहेबांनी माझी बदली केली असती, दुसऱ्या कोणी नोंद केली असती. त्या खऱ्याही होत्या. पण ती माझ्याकडे बघत होती आणि तिला सबब नको होती.

"पहिल्या वेळी आली असती," मी म्हटलं. "पहिल्या वेळी सगळे थोडे घाबरलेले असतात. मग सवय झाली. त्यांनाही आणि आम्हालाही."

"मंग गेल्या दसऱ्यालाबी आली असती."

"बहुतेक आली असती."

तिने मान हलवली. मी बाकावर सरकून तिला जागा केली.

"तुमच्याशेजारी बसायचं नाय मला," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "पन त्या दिवशी बार कोनी काढला ते म्या मोरीवरून पायलंय. आता सांगायचंय. कोनाला सांगू?"

नाझिया खाली गेटजवळ उजमासोबत उभी होती. मी बोट दाखवलं. धोंडाबाई पदर खोचून जिना उतरायला लागली.